पादचारी पूल मागू नका, आधी चुन्याची फक्की घेऊन रस्त्यावर या

प्रश्न थोडक्यात सांगतो. शहराच्या कडेच्या उपनगरातला एक डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता तीन वर्षांपूर्वी रुंद होऊन 30 मीटरचा झाला. एका अंगाला सोसायट्या, दुसऱ्या अंगाला शाळा, बसथांबा आणि भाजीवाल्यांची रांग. रुंदीकरण झालं आणि गाड्या सुसाट सुटल्या. विचारणाऱ्या ताईंच्या सासूबाईंनी भाजीला जाणं सोडलं, सातवीतल्या मुलाची सायकल जिन्याखाली धूळ खातेय आणि वर्षभरात त्या पट्ट्यात दोन जणांना गाड्यांनी उडवलं. रहिवाशांनी सह्या करून पादचारी पूल आणि चार गतिरोधक मागितले आहेत. ही मागणी बरोबर आहे का, आणि नसेल तर काय मागावं, असं ताईंनी विचारलंय.

गेली 22 वर्षं मी रस्त्यांच्या आखणीचं काम करतो. त्यातली पहिली आठ मी स्वतःच रस्ते रुंद करत होतो, त्यामुळे तुमच्या दुखण्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे. तेव्हा आधी पुलाचंच बोलू, कारण तो मंजूर झाला तर बाकीचं सगळं राहून जाईल.

पुलाखालून ट्रक आणि डबल डेकर गेले पाहिजेत, म्हणून साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. वर स्लॅबची जाडी धरली की चढ सहा मीटरचा होतो. एक पायरी 15 सेंटीमीटरची, म्हणजे 40 पायऱ्या चढायच्या आणि 40 उतरायच्या. तुमच्या सासूबाईंनी, हातात दोन पिशव्या घेऊन, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी. व्हीलचेअरसाठी बारास एक उताराचा रॅम्प करायचा तर एका बाजूला 72 मीटर लांबी लागते, शिवाय मधले थांबे वेगळे. इतकी जागा नसते, म्हणून लिफ्ट बसवतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिला कुलूप लागतं. मी आखलेल्या दोन पुलांपैकी एकावर आता फक्त फ्लेक्स लागतात. माणसं पुलाखालून, दुभाजकावर चढून, पूर्वीसारखीच रस्ता ओलांडतात. त्यांना बेशिस्त म्हणायची पद्धत आहे. मला ती हिशेबी वाटतात. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शक सूचना, आयआरसी 103, हीसुद्धा शक्य तिथे जमिनीवरूनच ओलांडण्याची सोय द्या असं सांगते. रेल्वे किंवा द्रुतगती मार्ग आडवा असेल तर पूल हवाच. शाळा आणि भाजीबाजार यांच्या मधल्या रस्त्यावर पूल बांधणं म्हणजे गाड्यांची अडचण दूर करून बिल पादचाऱ्यांच्या नावावर फाडणं.

मग काय मागायचं? त्याआधी दोन दिवस बघायचं. मंगळवार-बुधवारसारखा साधा दिवस धरा. सकाळी शाळा भरायची वेळ आणि संध्याकाळी सहा ते आठ. गच्चीवर किंवा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसा, रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा समोर ठेवा आणि जो माणूस रस्ता ओलांडेल त्याची रेघ मारा. कुठून निघाला, कुठे पोचला, मध्ये दुभाजकावर किती वेळ उभा राहिला. तासाभरात कागदावर दोन-तीन जाड पट्टे उमटतात. हे पट्टे सहसा रंगवलेल्या झेब्रावर नसतात. झेब्रा चौकात असतो, आणि माणसं बसथांब्यापासून भाजीच्या गाडीपर्यंत किंवा सोसायटीच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत सरळ जातात. मी एका कामात सहा आठवडे संगणकावर आराखडा केला होता आणि ओलांडायची जागा जिथे दाखवली तिथून 60 मीटरवर दुभाजकाच्या जाळीला लोकांनी पाडलेलं भगदाड होतं. वेल्डर बोलावून ते तीनदा बुजवलं. चौथ्यांदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थांबवून विचारलं, “साहेब, दार इथे आहे तर तुम्ही खिडकी तिकडे का करताय?” त्या दिवसापासून मी आधी भगदाड शोधतो आणि मग कागद काढतो.

हे पट्टे हाती आले की मागणी सरळ आहे: याच जागी, जमिनीवरून, थांबत थांबत ओलांडता येईल अशी सोय, आणि तिथे पोचेपर्यंत गाडीचा वेग 30 च्या आत. बाकी जे मागाल ते याच दोन गोष्टींसाठी.

30 च का, हे सभेत कुणीतरी विचारणारच. हिशेब तोंडपाठ करून जा. ताशी 50 ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. मूल आडवं आलेलं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी 21 मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला तिला आणखी 16 मीटर लागतात. तीच गाडी 30 ने येत असेल तर दीड सेकंदात साडेबारा मीटर आणि ब्रेक लागल्यावर सहाच्या आत, म्हणजे एकूण 18 मीटर. आता ते मूल 20 मीटरवर उभं आहे असं समजा. 30 ची गाडी त्याच्या अलीकडे थांबली. 50 च्या गाडीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाच नाही, ती पूर्ण 50 च्या वेगाने धडकते. मध्ये फरक फक्त 20 किलोमीटरचा. भारतात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यात जवळपास पाचातला एक जण पायी चालणारा होता.

कायद्याची कमाल वेगमर्यादा इथे उपयोगाची नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना 70 आणि दुचाकींना 60 पर्यंत मुभा आहे. शाळेसमोर ती खाली आणायचा अधिकार राज्याकडे आहे, आणि प्रत्यक्षात वाहतूक शाखेकडून तशी अधिसूचना काढून घेता येते. ती जरूर काढून घ्या. पण ‘30’ची नुसती पाटी बघून कुणी ब्रेक मारत नाही. गाडीवाला रस्ता वाचतो. समोर साडेदहा मीटर रुंद, सरळ, गुळगुळीत डांबर दिसलं की पाय आपोआप दाबला जातो. माझाही दाबला जातो.

म्हणून रुंदीचा हिशेब मांडू. तुमच्या वर्णनावरून आज प्रत्येक बाजूला साडेतीन मीटरच्या तीन मार्गिका आहेत, मध्ये मीटरभराचा दुभाजक. म्हणजे ओलांडायचं अंतर 22 मीटर. म्हातारं माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालतं असं धरलं तर 27 सेकंदांच्या वर. आता त्याच 30 मीटरमध्ये दुसरी मांडणी बघा. मध्ये 2 मीटरचा दुभाजक, दोन्ही बाजूंना सव्वातीन मीटरच्या दोन-दोन मार्गिका, म्हणजे साडेसहा-साडेसहा. मग प्रत्येक बाजूला झाडं, दिवे, थांबे आणि थोडं पार्किंग यांच्यासाठी 3 मीटरचा पट्टा, 2 मीटरचा सायकल मार्ग आणि अडीच मीटरचा पदपथ. बेरीज करून बघा, बरोबर 30 भरते. सासूबाईंना आता एका दमात साडेसहा मीटरच ओलांडायचे आहेत, म्हणजे आठ सेकंद. मग मध्ये थांबायचं, मान दुसरीकडे वळवायची आणि परत आठ सेकंद. एका वेळी एकाच दिशेची वाहतूक बघायची असणं ही या मांडणीतली मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. दुभाजक 2 मीटरचा का? सायकल पावणेदोन ते 1.8 मीटर लांब असते. मीटरभराच्या दुभाजकावर सायकल घेऊन थांबलेल्या मुलाचं पुढचं चाक एका रस्त्यात आणि मागचं दुसऱ्या रस्त्यात असतं.

“तीनाच्या दोन मार्गिका केल्या तर ट्रॅफिक जाम होईल,” हा आक्षेप येईलच. त्यावर वाद घालू नका, फोटो दाखवा. संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या मार्गिकेत काय असतं? उभ्या गाड्या, रिक्षा, पाणीपुरीची गाडी आणि सामान उतरवणारा टेम्पो. चालू मार्गिका आजही दोनच आहेत. शिवाय रस्त्यातून किती गाड्या जातील हे चौक ठरवतो, मधला पट्टा नव्हे. चौकात तोंडाशी तिसरी मार्गिका हवी तर ठेवा. मधल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये ती असल्याने एवढंच होतं की गाडी पुढच्या सिग्नलला जरा लवकर पोचून उभी राहते.

दुभाजकाबद्दल एक छोटी गोष्ट, जिच्याकडे उद्यान विभाग आणि पथ विभाग दोघेही बघत नाहीत. कण्हेर आणि बोगनवेल. ओलांडायच्या जागेच्या अलीकडे निदान 20-25 मीटर झुडपं गुडघ्याच्या वर जाता कामा नयेत. सातवीतला मुलगा बोगनवेलीआडून बाहेर येतो तेव्हा चालकाला आधी फुलं दिसतात. आणि दिव्याचा खांब ओलांडायच्या जागेच्या बरोबर वर नको, गाडी येते त्या बाजूला थोडा अलीकडे हवा, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो. खांब पलीकडे असला की नुसती काळी आकृती दिसते.

आता गतिरोधक. तुम्ही चार मागितलेत. ज्या पद्धतीने ते टाकले जातात ते बघता मी एकही मागणार नाही. आयआरसीच्या सूचनेत गोल गतिरोधकाचं माप स्पष्ट आहे: 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच, 25 च्या वेगासाठी. ताशी 25 ने गेलात तर गाडी हलकेच वर-खाली होते. आपल्याकडे रात्री उरलेल्या डांबराची अर्धा मीटर रुंद वरवंट्यासारखी पट्टी टाकतात, वर पांढरा रंगही नाही. तिच्यावर दुचाकीच्या मागे बसलेली बाई उडून पडते, रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात, आणि मोठी एसयूव्ही मात्र आरामात 50 ने निघून जाते. प्लास्टिकचे पिवळे-काळे तुकडे ठोकतात त्यांचे खिळे सहा महिन्यांत वर येतात. आणि रम्बलरच्या (चाकं खडखडवणाऱ्या) पट्ट्या घरांजवळ मागायच्या असतील तर आधी पहिल्या मजल्यावरच्या लोकांना विचारा. रात्रभर खर्रर्र ऐकून तेच लोक ते उखडायला लावतात, हे मी पाहिलंय.

त्याऐवजी उंचावलेली ओलांडणी मागा. म्हणजे झेब्राच पदपथाच्या पातळीवर उचललेला, चारेक मीटर रुंद सपाट ओटा आणि दोन्ही बाजूंना सौम्य उतार. गाडीवाल्यासाठी तो गतिरोधक, चालणाऱ्यासाठी सलग पदपथ. पावसाळ्यात तिथे तळं साचत नाही, पण कडेला पावसाळी गटाराचं तोंड हलवावं लागतं. आराखड्यात ते दाखवलंय का ते बघा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी दुकानात शिरेल आणि दुकानदार दुसऱ्याच दिवशी ओटा फोडायला लावतील. त्यांचं चूक नसेल.

पदपथावर लोक चालत नाहीत ही तक्रार अधिकारी फार आवडीने करतात. चालून दाखवा त्यांना सोबत घेऊन. फूटभर उंचीचा कर्ब (पदपथाची कड), दर 15 मीटरवर सोसायटीच्या फाटकासाठी उतरलेला पदपथ, परत चढ, मध्ये चेंबरचं झाकण, आणि ठरलेल्या जागी विजेची डीपी (डीपी रस्त्यावर डीपी हवीच). असला पदपथ म्हणजे पायऱ्यांचा व्यायाम. उंची 15 सेंटीमीटरच्या वर नको आणि चालायची मोकळी रुंदी निवासी भागात किमान 1.8 मीटर, दुकानांपुढे अडीच. मोकळी म्हणजे खांब, झाड, डीपी वगळून. सगळ्यात महत्त्वाचं, सोसायटीच्या फाटकाशी पदपथ खाली उतरता कामा नये. गाडीने वर चढावं, पदपथ ओलांडावा आणि उतरावं. गाडी बाहेर काढणारे तुम्हीच असणार, तेव्हा सोसायटीच्या सभेत आधी हे मान्य करून घ्या.

बोलार्डांविषयी, म्हणजे गाड्या अडवायला पदपथावर रोवतात त्या आखूड खांबांविषयी, भाबडी आशा ठेवू नका. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते तिच्यातून स्कूटरही जाते. बोलार्ड मोटारी अडवतात, दुचाकी अडवत नाहीत. पदपथावर दुचाकी चढते ती शेजारचा रस्ता तुंबलेला असल्यामुळे किंवा दुभाजकाचं वळण लांब असल्यामुळे. उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींचं कारणही बहुधा हेच असतं. वळण 800 मीटरवर ठेवलं तर 100 मीटर उलटं येणारच.

सायकलचं दुखणं वेगळं आहे. पुण्यात स्वारगेट ते कात्रज मार्गावर 2006 मध्ये बीआरटीबरोबर (बसच्या राखीव मार्गाबरोबर) सायकल मार्गही झाले. तिथे मार्ग होता, सलगपणा नव्हता. आणि तुटक सायकल मार्ग हा तुटक जिन्याइतकाच उपयोगी. नंतर, 2017 मध्ये, पुणे महापालिकेने सायकलींचा स्वतंत्र सर्वंकष आराखडाही मंजूर केला, तेव्हा कागदाची कमतरता आपल्याकडे नाही. मार्ग मरतो तो तीन जागी: बसथांब्याशी, बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी आणि चौकात. बसथांब्याशी सायकल मार्ग थांब्याच्या मागून न्यायचा, म्हणजे बस आणि सायकल एकमेकींना आडव्या येत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मार्ग आणि पदपथ दोन्ही त्याच पातळीवर सलग न्यायचे आणि कोपऱ्याची गोलाई आवळायची. आज ती 10-12 मीटर त्रिज्येची असते, त्यामुळे गाडी वेग न सोडता आत वळते. ती 4-5 मीटर केली की चालकाला जवळजवळ थांबावंच लागतं. कचऱ्याची गाडी वळणार नाही असं सांगतील; ती गाडी आणवून, चुन्याची फक्की मारून तिथल्या तिथे वळवून दाखवा. बहुतेक वेळा वळते, आणि नाहीच वळली तर गोलाई मीटरभर वाढवा.

आणि पृष्ठभाग डांबर किंवा काँक्रीटचाच हवा. पेव्हर ब्लॉकचा सायकल मार्ग दोन पावसाळ्यांत खचतो, मग पोरं आपली पुन्हा डांबरावर बसच्या शेजारी. लाल रंग नाही दिला तरी चालेल. पैसे वाचवायचेच असतील तर रंगात वाचवा.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे फोटो घेऊन लोक माझ्याकडे येतात: असं करून द्या. ते काम चांगलं आहे, रुंद पदपथ आहेत, बसायला बाक आहेत. पण तो रस्ता एकेरी आहे आणि तिथली दुकानं, हॉटेलं, उद्यानं लोकांना तसंही चालायला लावतात. तुमचा रस्ता दुहेरी, अर्ध्या लांबीत नुसती कुंपणाची भिंत. बाकांची घाई नको. ओलांडणी आधी.

खरं भांडण पार्किंगचं होणार आहे, त्याची तयारी ठेवा. दुकानदार म्हणतील, गाडी समोर लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. त्यांना खोटं पाडू नका. एका दुपारी दोन स्वयंसेवक दुकानांबाहेर उभे करा आणि गिऱ्हाईक कशाने आलं एवढंच विचारा. मी हे ज्या ज्या ठिकाणी केलं तिथे चालत आणि दुचाकीवर येणारेच जास्त निघाले, आणि समोर दिवसभर उभ्या असलेल्या मोटारी बऱ्याचदा दुकानदारांच्याच होत्या. तेव्हा भांडण निम्मं मिटतं. भाजीवाल्यांना मात्र हटवा म्हणू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क आहेत, आणि संध्याकाळी तिथे माणसांची जाग असते तीही त्यांच्यामुळेच. झाडांच्या 3 मीटर पट्ट्यात त्यांची जागा आखून मागा. त्यांच्या गाड्या आज पदपथावर आहेत कारण दुसरीकडे जागाच ठेवलेली नाही.

आता हे पदरात कसं पाडायचं. थेट ‘रस्त्याची पुनर्रचना’ असं मागितलंत तर सल्लागार नेमतील आणि दोन वर्षं जातील. आधी फक्की, वाळूची पोती आणि वाहतूक शाखेची बॅरिकेड्स वापरून आठवडाभराचा प्रयोग मागा: एका ओलांडणीपाशी तिसरी मार्गिका बंद, थांबायला जागा आखलेली. खर्च किरकोळ, वाटलं तर शनिवारी उचलून टाकता येतं, म्हणून अधिकारी ‘हो’ म्हणायला कमी घाबरतात. आधी आणि नंतर गाड्यांचा वेग मोजा. स्पीडगन लागत नाही. 50 मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलच्या घड्याळाने सेकंद मोजा. 6 सेकंद म्हणजे ताशी 30, साडेतीन सेकंद म्हणजे 51.

वेळही साधा. रस्त्यावर केबलची किंवा जलवाहिनीची खोदाई होणार असेल तर पुन्हा डांबर घालण्याआधी पत्र द्या. कर्ब हलवायचा खर्च तेव्हा सगळ्यात कमी असतो. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय आहे, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून. तुमच्या शहरात तशी सोय नसेल तर अंदाजपत्रकाआधी नगरसेवकांना गाठा, नंतर नव्हे. पत्रात 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 198 अ चा उल्लेख करा: रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. आणि पदपथ हा अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटलंय, हेही एका ओळीत. धमकी म्हणून नको. फाइलवर सही करणाऱ्याला आधार लागतो, तेवढ्यासाठी.

सह्यांचा कागद परत घ्यायची गरज नाही. त्याला पुरवणी जोडा: पूल आणि गतिरोधकाऐवजी दोन उंचावलेल्या ओलांडण्या, एक शाळेसमोर, एक बसथांबा आणि भाजीबाजार यांच्यामध्ये. सोबत हाताने काढलेला तो नकाशा. सुबक नसला तरी चालेल. प्रत्येक पट्ट्यावर तासाला किती माणसं गेली तो आकडा, मोजणीची तारीख आणि वेळ तेवढी नीट लिहा. आणि मोजायला सासूबाईंना गॅलरीत बसवा. कोण कुठून ओलांडतं ते त्यांना आधीच ठाऊक असणार.